लाल गाडी आणि शनिवारची तार

सुषमाला हे माहीत नाही. तिच्याशी संसार करून चाळिसाहून जास्त वर्षं झाली. मला कुठली भाजी नको असते, कुठल्या नातेवाइकाचा फोन आला की मी बाथरूममध्ये जातो, हे सगळं तिला ठाऊक आहे — हे तेवढं नाही. मित्रांना नाही, डॉक्टरांना नाही. देवासमोरसुद्धा मी ह्या एका विषयाला बगल देऊन बाकीच्या गोष्टींची माफी मागत आलो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा ना, पहिला परिच्छेद संपला आणि मी अजून भाजीवरच आहे.

गाडीपासून सुरुवात करतो. गाडीबद्दल बोलायला मला कधीच लाज वाटली नाही.

मी बहारीनला गेलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार. मनामातल्या एका व्यापारी कंपनीत पर्सोनेल क्लार्क. म्हणजे व्हिसा, रजा, पासपोर्ट, कामगारांच्या कॅम्पमधली भांडणं आणि पोस्ट. साताऱ्यात मात्र मी 'मॅनेजर' होतो. मी तसं कधी म्हणालो नव्हतो — पण कोणी म्हटलं तर दुरुस्तही केलं नाही. एका शुक्रवारी आम्ही तिघं मित्र एका हॉटेलावरून चाललो होतो. बाहेर एका अमेरिकन माणसाची गाडी उभी होती. लाल, दोन दारांची, बॉनेट एवढं लांब की आमची अख्खी खोली त्यावर झोपली असती, आणि मधून दोन काळे पट्टे. साठीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असल्या गाड्या निघाल्या होत्या — अंगानं दांडग्या, पोटात आठ सिलिंडरचं इंजिन, आणि आवाज असा की लांबूनच छातीत वाजावा. मित्राजवळ कॅमेरा होता. मी गाडीला टेकलो, कोपर छतावर ठेवलं, डोळ्यांवर मित्राचाच काळा चष्मा चढवला.

गल्फला गेलेल्या प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या गाडीला टेकून काढलेला एक फोटो असतो. त्यात काय एवढं? पण माझा फोटो माझ्या स्थळाबरोबर फिरला. फिरत फिरत फलटणच्या एका शिक्षकांच्या घरी गेला, आणि लग्न ठरलं. सुषमा त्यांची थोरली मुलगी. लग्नानंतर मी बहारीनला परत आलो तेव्हा तिच्या पहिल्याच पत्रात एक प्रश्न होता — गाडीत पुढे दोघंच बसतात की तिघं?

एका ओळीचं काम होतं. 'अगं, ती माझी नाही.' बस. ती हसली असती आणि विषय संपला असता. मी लिहिलं, 'दोघंच.'

त्यानंतर पाच वर्षं मी ती गाडी पत्रांतून चालवली. तिचे टायर बदलले. तिच्यातून झल्लाकच्या समुद्रावर गेलो. एकदा तर ती बिघडली म्हणून आठवडाभर चिडचिड केली — तीही पत्रातच. प्रत्यक्षात मी कंपनीच्या बसनं जात होतो आणि एका खोलीत चौघांबरोबर राहत होतो. माझ्या श्रेणीच्या माणसाला बायको आणण्याचा व्हिसा मिळत नव्हता, तेव्हा भीती नव्हती. मग त्र्याऐंशीच्या सुरुवातीला मला बढती मिळाली, दोन खोल्या मिळाल्या, आणि फॅमिली व्हिसासुद्धा. सुषमा येणार. मार्चमधला एक शुक्रवार पक्का झाला. तिनं लिहिलं — 'विमानतळावरून आपल्या गाडीनंच जायचं, टॅक्सी मुळीच नको.'

हे वाचताना तुम्हाला हसू येत असेल. येऊ दे. मला मात्र त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. पाच वर्षं बायको सासरी एकटी राहिली, माझ्या म्हाताऱ्या आईवडिलांचं सगळं करत राहिली, आणि तिला धरून ठेवायला माझ्याकडे पत्रांखेरीज काय होतं? त्यातलं एवढं एक खोटं निघालं तर ती बाकीचंही पुन्हा वाचून बघेल, अशी मला भीती होती. मी विमानतळावर उभा आहे, ती येते, गाडी कुठाय विचारते — यापुढचं मला दिसतच नसे.

आता पास्कल. त्याचं नाव लिहिताना हात थांबतो. पण त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पास्कल वसईचा. आमच्या कंपनीचं गॅरेज मुहर्रकला होतं, तिथे तो मेकॅनिक. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, बुटका, दाढेत सतत लवंग. गॅरेजच्या मागे भिंतीला लागून एक मोडकी गाडी पडलेली होती. तिच्या मालकानं ती खांबावर घातली आणि नोकरी संपल्यावर तशीच टाकून तो अमेरिकेला निघून गेला. फोरमननं पास्कलला सांगितलं, भंगारात टाक नाहीतर तूच घे. पास्कलनं घेतली. तीन वर्षं, प्रत्येक शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मासानंतर, तो त्या गाडीपाशी बसायचा. पत्रा ठोकून सरळ केला, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. भंगाराच्या बाजारातून एकेक भाग शोधून आणला. सुषमाच्या त्या पत्रानंतर एकदा कामानिमित्त मी तिथे गेलो, त्यानं ताडपत्री बाजूला केली, आणि मला ते दोन काळे पट्टे दिसले.

हो. तीच गाडी. माझ्या फोटोतली.

मी त्याला म्हणालो, ही मला दे. एक बहारीनी तरुण तिच्या मागे लागलेला होता, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त द्यायला तयार होता. पास्कलनं त्याला 'मफी', म्हणजे नाही, सांगून टाकलं आणि मला हो म्हणाला. "साहेब, तुमच्यामुळे मी रोझीच्या लग्नाला उभा होतो," एवढंच तो बोलला.

रोझीच्या लग्नाचं समजावून सांगावं लागेल, कारण सगळं तिथेच अडकलं आहे.

आमच्या कंपनीत दोन वर्षांनी एकदा रजा. मधे जायचं तर कारण लागे, आणि मॅनेजरला एकच कारण पटे — आई. बहिणीचं लग्न, शेताची वाटणी, नवं घर, बायकोचा रुसवा, यातलं त्याला काही कळत नसे. त्यामुळे आमच्याकडे आया फार आजारी पडत. गणपतीच्या आधी कोकणातल्या आया, नाताळच्या आधी वसईच्या. घरून तार यायची — 'मदर सिरीयस.' ती मॅनेजरसमोर ठेवायची, तो मान हलवायचा, मी तिजोरीतून पासपोर्ट काढून द्यायचो. ह्या तारांचे मसुदे बहुतेक मीच करून देत असे. माझं इंग्रजी बरं होतं आणि मला त्यात मजाही वाटायची. मुलं आधी येऊन मला सांगून ठेवत — "साहेब, पुढच्या आठवड्यात आई आजारी पडणार आहे हं." मी म्हणायचो, "काळजी घे रे बाबा त्यांची." आम्ही हसायचो. परदेशी राहून हसायला फारसं काही नसतं, आम्ही आयांवर हसत होतो.

पास्कलच्या बहिणीसाठी, रोझीसाठी, मी असाच मसुदा दिला होता — 'मदर सिरीयस स्टार्ट इमिजिएटली.' त्याच्या धाकट्या भावानं, बावतीसनं, तो वसईहून पाठवला. पास्कल लग्नाला गेला, नाचला, परत आला.

आणि पोस्ट. तिथे घरोघरी पोस्टमन येत नाही. कंपनीचा एक पोस्ट बॉक्स, आणि शेकडो माणसांची पत्रं त्या एका पेटीत. तिची किल्ली माझ्याकडे. सकाळी मी पेटी उघडायचो, नावं बघून गठ्ठे करायचो. कोणाचं पत्र आलं नाही हे त्याच्याआधी मला कळे. माझ्या हातातली किल्ली वाजली की कॅम्पमध्ये माणसं उभी राहत. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. देवावर ठेवतात तसा. हे मी आता लिहितोय — तेव्हा मला ते फक्त काम वाटायचं.

सुषमा शुक्रवारी येणार होती. त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी मी पेटी उघडली. पास्कलच्या नावाची तार होती. मदर सिरीयस स्टार्ट इमिजिएटली.

त्या दिवशी गाडी कशी होती ते सांगतो. रंग झालेला. काचा बसलेल्या. पण इंजिन साखळीला टांगलेलं, पोटातून बाहेर आलेलं. त्याचे सुटे भाग दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांत घालून त्यानं जमिनीवर ओळीनं मांडले होते, आणि प्रत्येक डब्यावर खडूनं मराठीत काहीबाही खुणा. त्या खुणा फक्त त्याला कळत. तो गेला असता तर महिनाभर ते डबे तसेच पडून राहिले असते. दुसऱ्या कोणाची हात लावायची टाप नव्हती.

मी तार खिशात घातली.

मला वाटलं, ही नेहमीचीच. माझाच मसुदा, शब्द न् शब्द. ईस्टर जवळ आला होता, पास्कलला घरी जावंसं वाटलं असेल, त्यानं भावाला सांगितलं असेल. म्हटलं, आठवडाभर थांबली तर काय बिघडणार आहे? शुक्रवारनंतर देऊ. असा विचार करून मी —

नाही. थांबा. हे असंच मी स्वतःला चाळीस वर्षं सांगत आलो आणि आता तुम्हालाही तेच सांगायला लागलो. खरं ते सांगतो. खोटी तार न सांगता येत नाही. खोटी आई आजारी पडायची असली की मुलगा आधी माझ्याकडे येतो, कारण पुढची सगळी व्यवस्था मलाच करायची असते. पास्कल माझ्याकडे आला नव्हता. आदल्याच दिवशी आम्ही दोन तास गाडीपाशी बसलो होतो आणि तो ह्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. उलट, शुक्रवारच्या आत गाडी उभी करतोच म्हणाला होता. त्याच्या घरच्यांना दुसरं इंग्रजी येत नव्हतं. रोझीच्या वेळी जे शब्द चालले तेच भावानं पुन्हा पाठवले होते.

तार वाचली त्या क्षणी मला कळलं होतं की ही खरी आहे. पेटीचं दार लावायच्या आत कळलं होतं.

म्हणजे मी जाणूनबुजून केलं. हे एवढंच वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मग ते दिवस. शनिवार, रविवार, सोमवार. ऑफिस सुटलं की मी मुहर्रकला जायचो. का जात होतो? पहारा करायला? पास्कल काम करताना तोंडानं काहीतरी गुणगुणायचा, मधेच हात पुढे करायचा आणि मी त्याला पाना द्यायचो. माझ्या शर्टाच्या खिशात तार असायची. घरी कपाटात ठेवायची हिंमत नव्हती, फाडायची त्याहून नव्हती. मी त्याच्यासाठी समोसे नेत होतो, चहा नेत होतो. तो म्हणायचा, "साहेब, वहिनी यायच्या म्हणून तुमची झोप उडालीय बघा." आणि मी हसायचो.

त्या दिवसांत मी त्याच्या आईसाठी जेवढी प्रार्थना केली तेवढी स्वतःच्या आईसाठी कधी केली नसेल. काय मागत होतो ठाऊक आहे? बरी होऊ दे, असं नाही. शुक्रवारपर्यंत राहू दे. फक्त शुक्रवारपर्यंत. शनिवारी मी तिला तिचा मुलगा देतो, असा माझा देवाशी व्यवहार चालला होता. एखाद्याची आई मी रजेच्या अर्जासारखी पुढे ढकलत होतो. तार देऊन टाकावी असं मनात येऊन मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा इंजिनाबद्दलच काहीतरी बोललो.

मंगळवारी इंजिन आत बसलं. पास्कल गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, आणि जरा लाजत म्हणाला, "साहेब, एक फोटो काढाल? आईला पाठवतो. तिला वाटतं मी इथे नुसतं ग्रीस पुसतो."

मी काढला. त्याला सांगितलं, कोपर छतावर ठेव. हनुवटी जरा वर. त्यानं लवंग थुंकली, केसांवरून ओला हात फिरवला आणि हसला. मी कॅमेऱ्यातून बघत होतो. आईला दाखवायचा चेहरा करून तो माझ्याकडे बघत होता, आणि ती तार माझ्या छातीवर होती. कागदाची घडी टोचत होती. मी म्हणालो, "हलू नकोस." बटण दाबलं. एक हललाच असेल म्हणून पुन्हा एक काढला.

बुधवारी संध्याकाळी आम्ही गाडी सखीरकडच्या सरळ रस्त्यावर नेली. वाळवंट, मधून तेलाच्या पाइपलाइनी, आणि समोर रस्ता मोकळा. पास्कलनं पाय दाबला आणि ती गाडी अशी ओरडली की माझं डोकं मागे आपटलं. "यल्ला, चल!" तो ओरडला, "बघा साहेब, बघा माझी बाय कशी पळते!" तीन वर्षांचे शुक्रवार त्याच्या तोंडावर दिसत होते. मीही ओरडलो. खोटं कशाला सांगू — मला आनंद झाला होता. त्या पाच-सात मिनिटांत मी त्याची आई विसरलो होतो.

ती त्याच दिवशी दुपारी गेली होती.

गुरुवारी सकाळी पेटीत दुसरी तार होती. मदर एक्सपायर्ड.

मी गॅरेजला जाऊन ती त्याच्या हातात दिली. त्यानं वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा वाचली. मग मला विचारलं — आणि एवढ्या वर्षांत ज्या आवाजापासून मला लपता आलं नाही तो हा — "आजारी होती? मला कोणी काही कळवलंच नाही, साहेब?"

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. आई गेली होती, पण तार माझ्या खिशात होती आणि तोंड माझं होतं. मी काय म्हणालो असेन?

"ही एकच आली," मी म्हणालो.

त्यानंतर मी फार धावपळ केली. तासाभरात पासपोर्ट काढला, मॅनेजरची सही आणली, भरलेल्या विमानात हातापाया पडून जागा मिळवली. कॅम्पातले सगळे म्हणत होते, सबनीससाहेबांनी बघा किती केलं. संध्याकाळी त्याला विमानतळावर मीच सोडलं. त्याच गाडीतून. तो शेजारी बसून रडत होता. आणि रडता रडता मधेच त्याचा कान इंजिनाकडे गेला. म्हणाला, "तिसरा गियर टाकताना जरा सांभाळा साहेब, अजून सरावली नाही ती."

दुसऱ्या दिवशी त्याच विमानतळावरून, त्याच गाडीतून मी सुषमाला घरी आणलं. पास्कलचा रुमाल सीटखाली पडलेला होता. तो मी पायानं आत सारला.

सुषमा गाडीभोवती एक चक्कर मारून आली. कौतुक केलं. बसली. वाटेत आवाजानं दचकत राहिली. पुढच्याच शुक्रवारी मी तिला झल्लाकला घेऊन गेलो — पत्रातला समुद्र दाखवायला. वाळूवर बसून शेंगा खाताना ती म्हणाली, "अहो, एक विचारू? रागावणार नाही ना? ही कधी घेतलीत? आत्ताच ना?" मी एक शेंग सोलायला घेतली. ती हसायला लागली. "फोटो पाहूनच बाबा म्हणाले होते, गाडी कुणा दुसऱ्याची दिसते, गल्फवाले सगळेच असे टेकतात. पण मुलाचं अक्षर छान आहे. अक्षरावरून हो म्हणाले ते." मग म्हणाली, "मला मेलीला काय करायची होती गाडी? तुम्ही इतक्या हौसेनं लिहीत होता, म्हणून मीपण विचारत गेले."

मी समुद्राकडे बघत राहिलो. तिला वाटलं मी ओशाळलो. मी हिशेब करत होतो — शनिवारी तार दिली असती तर तो रविवारी सकाळी घरी पोचला असता. रविवार, सोमवार, मंगळवार, आणि बुधवारची दुपार होईपर्यंत.

दीड महिन्यानं पास्कल परत आला. माझ्यासाठी सुकेळी घेऊन आला होता. वसईची ती वाळवलेली केळी — आईनं हिवाळ्यात त्याच्यासाठी करून ठेवली होती. "तुम्ही एवढं केलंत, तुम्हालाच द्यायची," म्हणाला. मी त्याच्यासमोर बसून खाल्ली. गोड होती. काय सांगू.

आणि मग त्यानं बावतीसचं सांगितलं. भाऊ शपथेवर सांगत होता की शनिवारच्या आधीच, आई आडवी पडली त्या दिवशी, त्यानं तार केली. पावती शोधायला लागला, मातीच्या गडबडीत ती सापडेना. पास्कलनं भरल्या घरात त्याला खोटारडा ठरवलं. आई पाच दिवस फाटकाकडे डोळे लावून होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती — तार गेलीय, माझा पास्कल निघाला असेल. "म्हणजे त्यानं मरणाऱ्या आईलासुद्धा फसवलं, साहेब," पास्कल म्हणाला. "मी त्याला तोंडावर सांगितलं, तार आली असती तर सबनीससाहेबांनी रात्री उठून मला आणून दिली असती. किल्ली त्यांच्याकडे असते."

तो गेला होता त्या काळात बावतीसचं एक पत्रही आलं होतं. निळा एरोग्राम, तार केली त्याच दिवशी लिहिलेला. आत काय असणार ते न उघडताही कळत होतं. पास्कल समोर बसून हे सगळं सांगत होता तेव्हा तो माझ्या टेबलाच्या खणात होता. गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मी खण उघडला नाही.

गाडी वर्षाच्या आत विकून टाकली. तो बहारीनी तरुण घेऊन गेला. सुषमाला वाटतं पेट्रोल परवडेना म्हणून. पास्कल तिच्यामागे फाटकापर्यंत चालत गेला होता, मग परत येऊन एका ट्रकखाली शिरला.

अठ्ठ्याऐंशीत आम्ही कायमचे परत आलो. पास्कलही दोन वर्षांनी वसईला गेला. त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. एकदा आम्ही त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. भिंतीवर आईचा फोटो, आणि शेजारी त्याच चौकटीचा दुसरा — लाल गाडी, छतावर कोपर, हनुवटी जरा वर. "साहेबांनी काढला," तो पोरांना कौतुकानं सांगत होता. अंगणात मधोमध विटांची एक भिंत होती. पलीकडे बावतीस राहायचा. जेवताना पलीकडून भांड्यांचे आवाज येत होते. त्या बाजूचं कोणी ह्या बाजूला येत नव्हतं. पोरं वाढली, त्यांची लग्नं झाली, भिंत तशीच. मी तिथे दोनदा वाढून घेतलं.

तार आणि तो एरोग्राम अजून माझ्याकडे आहेत. जुन्या पासपोर्टांच्या पाकिटात. तारेवर शनिवारचा शिक्का आहे. मी मेल्यावर सुषमा पाकीट उघडेल तेव्हा तिला हे सापडेल, आणि ती मला विचारू शकणार नाही. मी ते आधी बाहेर काढलं नाही, याला कारण नाही. माझ्यात तेवढं धैर्य नाही, एवढंच आहे.

गेल्या वर्षी बावतीस गेला. पास्कलचा फोन आला. आवाज थकलेला. तो भिंतीच्या ह्या बाजूला उभा राहिला होता, पलीकडे माणसं बावतीसला उचलत होती. म्हणाला, "शेवटपर्यंत कबूल नाही झाला, साहेब. परवा फादर येऊन गेले, त्यांनाही तेच सांगितलं म्हणे — मी तार केली होती. मरतानासुद्धा खोटं. माणसाला एवढं काय जड जातं हो?"

स्वयंपाकघरात सुषमा कांदा चिरत होती, त्याचा आवाज येत होता. पास्कल वाट बघत होता. पंच्याहत्तरी उलटलेला मी — आता तरी? आता तरी काय जाणार होतं माझं?

"जाऊ दे पास्कल," मी म्हणालो. "माफ करून टाक त्याला."

तो पलीकडे रडायला लागला. मग नाक ओढून म्हणाला, "तुम्ही सांगता म्हणून करतो, साहेब."